दोघांचं बेट

३ फेब्रुवारी, सोमवार

ममता आज धुळ्याला गेली. सकाळची बस होती. स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडलं, बॅग वर चढवून दिली, खिडकीशी उभा राहिलो आणि "पोचलीस की फोन कर" एवढंच म्हणालो. तिने मान हलवली. बस निघून गेल्यावर लक्षात आलं की तिची पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली.

ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, तेवढा काळ जळगावातच होती, आता बदली झाली. मी म्हटलं होतं, रद्द करून घ्यायला कोणाला भेटायचं असेल तर बघू. ती म्हणाली, "नको, राहू द्या." कोणाशी भांडायचा तिचा स्वभावच नाही.

पिंप्राळ्यातल्या या घरात आता मी आणि आई. आबा आठवडाभर असोद्याला केळीच्या बागेवर असतात. दिवसभर मी वरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. शाळेची बस आत्ता कुठे आहे, पोरं उतरली का, हे पालकांना फोनवर दाखवणारं ॲप आहे आमचं. हजारो आईबापांना त्यांची पोरं कुठे आहेत ते मी सांगतो. बायकोची बस पारोळ्याला पोचली का नाही, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

नोव्हेंबरात आमचं बाळ राहिलं नाही. चौथा महिना संपत आला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कोणाचा दोष नसतो. त्याविषयी लिहायचं नाही असं ठरवलंय. आम्ही बोलतही नाही. तिला त्रास नको म्हणून मी विषय काढत नाही, आणि मला वाटतं तिलाही तेच बरं पडतं.

९ फेब्रुवारी, रविवार

फोन रोज होतो. जेवलीस का, हो. ड्युटी कशी, बरी. आई कशा आहेत, बऱ्या आहेत. मग दोघंही फोन धरून गप्प. आज तर मी हवामान सांगितलं. जळगाव आणि धुळ्याच्या हवेत असा काय फरक असणार?

संध्याकाळी खेळायला बसलो तर आई दारातून म्हणाली, "पुन्हा ते डबडं घेऊन बसला का?" हातात धरून गेम खेळायच्या माझ्या हँडहेल्डला ती डबडं म्हणते. दिसायला तसंच आहे, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं. ऑफिस सुटल्यावर ते हातात घेतलं की डोकं हलकं होतं. नोव्हेंबरपासून जरा जास्तच खेळतो, हे खरं.

जुनं एक कपाटात पडून आहे. ते ममताला द्यावं का? बोलायला नाही तर निदान खेळायला काही तरी होईल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

धुळ्याला जाऊन आलो. देवपुरात तानुबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्या घराची मागची खोली तिने भाड्याने घेतली आहे. गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ममताला अहिराणीत विचारलं, "हाऊ शे का तुना नवरा? बोलस का काही?" ममता हसली. किती दिवसांनी हसली.

जेवण झाल्यावर मी हँडहेल्ड बाहेर काढलं. मला वाटलं होतं नको म्हणेल. एका लहानशा बेटावर दोन माणसं राहतात असा खेळ आहे. जहाजांसाठी तिथे एक दिवा आहे, तो पेटता ठेवायचा. लाकूड तोडायचं, तेल काढायचं, मासे धरायचे, जमेल तसं बांधत जायचं. दोघांनी एकाच वेळी खेळलं पाहिजे असं नाही. एकाने यावं, आपलं काम करून जावं, दुसऱ्याने नंतर येऊन बघावं. जाताना पाटीवर चार शब्द लिहून ठेवता येतात.

"यात मारामारी नाही?"

"नाही."

"मग हरतं कोण?"

"कोणीच नाही. दिवा विझला तर परत लावायचा."

"बरं आहे," ती म्हणाली, आणि बटणं कशी दाबायची ते विचारून घेतलं. नर्स असल्यामुळे असेल, एकदा सांगितलेलं पुन्हा विचारत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ती खेळते आहे. दुपारी जेवताना बेटावर गेलो तर पाटीवर लिहिलेलं होतं: "तेल भरलं. मासे दोन. दक्षिणेचं कुंपण ढिलं, लक्ष ठेवणे." ड्युटी बदलताना नर्स पुढच्या नर्सला सांगते, तसं. मीही लिहिलं: "कुंपण बांधलं. रुग्णाची प्रकृती उत्तम."

संध्याकाळी तिने खाली लिहिलं होतं: "छान."

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज पाटीवर: "तू लावलेलं झाड जगलं."

फोनवर ती मला तुम्ही म्हणते, पहिल्यापासून. तुम्ही लिहायला बटणं जास्त दाबावी लागतात, म्हणून असेल.

२ मार्च, रविवार

स्वतःला घालून घेतलेला नियम पाळतो आहे. जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ, आणि सहानंतर. परवा सकाळच्या मीटिंगला जगदीश सर, म्हणजे आमचे टीम लीड, म्हणाले, "प्रेमराज, हल्ली बरा दिसतोस." हो म्हणालो. खरंच बरं वाटतं. दुपारी जेवायला उठताना बेटावर आपल्यासाठी काहीतरी ठेवलेलं असेल, असं मनात असतं. कधी मासे असतात, कधी दिव्याजवळ सरळ रेषेत मांडलेले दगड. एकदा तर तिने माझ्या झोपडीसमोरचा रस्ता नुसताच झाडून ठेवला होता. आमच्या बाईसाहेबांना खेळातसुद्धा केर दिसतो.

फोनवर अजून हवामानच चालू आहे.

६ मार्च, गुरुवार

लॅपटॉपची बॅटरी फुगली. झाकण बंद होईना, मधून उंच झालं. दुकानदार म्हणाला, हा चालवू नका, पेट घेईल. कंपनी पुण्याहून दुसरा पाठवणार, पण त्याला वेळ लागणार. जगदीश सरांनी विचारलं, "तोवर काय करशील?" म्हटलं, माझ्याकडे एक मशीन आहे.

ते मशीन म्हणजे हँडहेल्ड. आत पूर्ण कॉम्प्युटरच असतो. त्याला मोठा पडदा जोडला, कीबोर्ड जोडला, ऑफिसचं सगळं चढवलं आणि संध्याकाळपर्यंत कोड चालू झाला. आईला दाखवलं. म्हटलं, बघ, या डबड्यावर आता पगार मिळणार. आई म्हणाली, "मग आता कामाच्या वेळी खेळणार का खेळाच्या वेळी काम करणार?"

१० मार्च, सोमवार

आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. एक बटण दाबलं की ऑफिस, दुसरं दाबलं की बेट. आधी निदान खुर्चीतून उठून कपाटापर्यंत जावं लागायचं. आता कोडच्या चाचण्या चालू असताना जो वेळ मिळतो तेवढ्यात जाऊन येतो. ममता ड्युटीवरून सुटून खोलीवर येते ती वेळ मला पाठ झाली आहे. तेव्हा ती बेटावर असते. समोरासमोर असलो की आम्ही दोघं नुसते दिव्यापाशी उभे राहतो. बोलायची सोय आहे, पण बोलत नाही. मग मीटिंगची घंटा वाजते आणि मी पळतो.

काम मागे पडलेलं नाही. थोडं पडलंय.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. तिला सुट्टी मिळाली नाही. बेटावर गेलो तर माझ्या झोपडीची भिंत गुलाबी. रंग कुठून आणला कोणास ठाऊक. मी तिची निळी केली.

१८ मार्च, मंगळवार

ममताने एक खोली बांधायला घेतली आहे. दिव्याच्या मागे, वारा लागत नाही अशा बाजूला. इतकी बारकी आहे की माझं माणूस वाकून आत जाईल. खिडकी पूर्वेला. बाहेर तिने शिंपल्यांची ओळ लावली आहे. मी पाटीवर विचारलं, "कोठार का?" तिने उत्तर दिलं नाही. कोठार असेल तर जागा चुकली, सामान धक्क्यापासून लांब पडेल. पण ती हौसेने करते आहे, करू दे. तीन-चार दिवस तिचं दुसरं काही चालूच नाही, सगळं चांगलं लाकूड त्यातच घालते आहे.

मोठ्या जहाजासाठी लवकरच धक्का वाढवावा लागणार. लाकूड कुठून आणायचं बघू.

२१ मार्च, शुक्रवार

दमलो. बस थांबल्याची नोंद करणारा नवा भाग आज द्यायचाच होता. दुपारी चाचण्या लावल्या आणि मधल्या वेळात बेटावर गेलो, तर मोठं जहाज येऊन उभं, धक्का अपुरा, आणि लाकूड नाही. तिची बारकी खोली पाडली, त्याचं लाकूड बरोबर पुरलं. धक्का झकास झाला. तेवढ्यात जगदीश सरांचा मेसेज आला, झालं का. चाचण्या एवढ्या चालल्या आहेत तर उरलेल्याही चालतील म्हणून कोड पाठवून दिला.

पाटीवर लिहिलं: "धक्का तयार. कोठार नंतर चांगल्या जागी बांधू." दोन्ही कामं एका दुपारी उरकली.

२४ मार्च, सोमवार

माझ्या हातून फार वाईट चूक झाली आहे.

एका शाळेची बस रस्त्यात बंद पडली. बस थांबली म्हणजे शाळेत पोचली, असं माझ्या कोडने धरलं आणि पालकांना "मुलं सुखरूप पोचली" असा मेसेज गेला. पोरं उन्हात रस्त्याच्या कडेला उभी, आणि आईबाप घरी निवांत. कोणाला काही झालं नाही. ड्रायव्हर चांगला माणूस होता, त्याने सगळ्यांना झाडाखाली बसवलं. ती राहिलेली चाचणी मी चालवली असती तर हे तिथेच दिसलं असतं.

जगदीश सर ओरडले नाहीत. त्यांनी तक्रारीच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. एक आई बोलत होती, शांतपणे. "तुम्हाला माहीत नव्हतं तर माहीत नाही असं सांगायचं. मी शोधायला निघाले असते. तुम्ही सगळं ठीक आहे म्हणालात, म्हणून मी स्वयंपाक करत बसले."

मग त्यांनी विचारलं, "शुक्रवारी काय झालं होतं?" मी खरं सांगितलं. लॅपटॉप नाही, हँडहेल्डवर काम करतो, आणि त्या दुपारी त्याच्यावरच खेळतही होतो.  ते म्हणाले, "सध्या जुनं व्हर्जन परत लावलं आहे. नवीन तूच दुरुस्त कर. पुढच्या मंगळवारी शाळा सुटायच्या आत ते चालू झालं पाहिजे, नव्या शाळा त्याच दिवशी जोडायच्या आहेत. यात पुन्हा चूक झाली तर मला वर कळवावं लागेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

२७ मार्च, गुरुवार

नवा लॅपटॉप आला. हँडहेल्ड बाजूला ठेवलं.

आज जेवताना फक्त एकदा बेटावर डोकावलो. दिवा विझलेला. ममता शुक्रवारपासून आलेलीच नाही. ड्युट्या वाढल्या असतील. फोनवर विचारलं, खेळत नाहीस का. म्हणाली, "वेळ नाही मिळत."

"काही झालंय का?"

"काही नाही."

"धक्का बघितलास?"

"बघितला. छान झालाय."

मला ऑफिसचं सांगायचं होतं, पण तिचा आवाज दमलेला होता. सांगितलं नाही. दिवा मीच लावला.

३० मार्च, रविवार

पाडवा. ममता आली नाही. आईने पुरणपोळ्या केल्या. मी स्वयंपाकघरात बसून होतो, डोक्यात मंगळवार. आईने विचारलं, "ती का नाही आली? काही बोलली का तुझ्याशी?"

म्हटलं, ड्युटी आहे. आणि मग, बोलायला काही हवं म्हणून, मी आईला बेटाचं सांगत बसलो. दिव्याचं, माशांचं, गुलाबी भिंतीचं. आई पोळी लाटता लाटता ऐकत होती. म्हटलं, एक बारकी खोली तिने बांधली होती, मी ती पाडून धक्का केला, तेव्हापासून खेळत नाही. कंटाळली असेल.

आईचं लाटणं थांबलं. "किती बारकी?"

मी हाताने दाखवलं.

"खिडकी होती?"

"होती. पूर्वेला. वाऱ्यापासून आडोशाला बांधली होती, आणि बाहेर शिंपले लावले होते. कोठाराला कशाला हवेत शिंपले."

तव्यावरची पोळी करपली. आईने ती उतरवली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पेमा, तू जा धुळ्याला."

म्हटलं, मंगळवारी रिलीज आहे, नंतर जाईन.  पोळ्यांचा डबा भरून आईने माझ्या बॅगेपाशी नेऊन ठेवला. डोळ्यात धूर गेला म्हणाली.

३१ मार्च, सोमवार

आज काम बरंच झालं. दुपारी सहज, त्या खोलीचं सामान कुठे गेलं असेल म्हणून बघायला बेटावर गेलो. काही पाडलं की आतल्या वस्तू एका पेटीत जमा होतात. मी ती खोली आत जाऊन कधी बघितलीच नव्हती.

पेटीत शिंपले होते. एक चटई होती. आणि एक वेताची टोपली, आत कापूस घातलेला. बेटावर कापूस होत नाही, जहाजावरून घ्यावा लागतो, एवढ्याशा कापसाला खूप मासे द्यावे लागतात. ते तिने कधी साठवले, मला दिसलं नाही.

मी पडद्याकडे बघत बसलो. खाली आई कोणाशी तरी फोनवर बोलत होती, तिचा आवाज येत होता.

कोठार का, असं विचारलं होतं मी.

२ एप्रिल, बुधवार, धुळे

काल सकाळच्या बसने आलो. जगदीश सरांना बसमधून फोन केला. म्हटलं, सर, मी धुळ्याला चाललोय, बायकोकडे, जायलाच हवं आहे. काम दुपारच्या आत देतो, पण कोड पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी बघायला लावा, माझ्या एकट्यावर सोडू नका. ते म्हणाले, "पहिल्यांदा बरोबर बोललास." मग विचारलं, "घरी ठीक आहे ना?" म्हटलं, माहीत नाही सर.

नवा लॅपटॉप घाईत घरीच राहिला. पोळ्यांचा डबा घेतला आणि लॅपटॉप विसरलो. एरंडोलच्या पुढे लक्षात आलं. बॅगेत होतं फक्त हँडहेल्ड आणि घडीचा कीबोर्ड. सगळा कोड ऑफिसच्या सर्व्हरवर होता, म्हणून निभावलं.

देवपुरात पोचलो तेव्हा ममता ड्युटीवर होती. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "इतला दिन कोठे व्हता रे भाऊ?"

म्हटलं, काम होतं.

"काम. पोर रोज रडस. माले कान शेतस." मग जरा सरकून त्यांनी जागा केली. "बठ."

त्यांच्या ओट्यावर बसून मी काम केलं. पडदा हाताएवढा, अक्षरं मुंगीएवढी. अक्का बाजूला बसून बघत होत्या. "हाई काय शे? खेळ का काम?"

"दोन्ही होतं यावर, अक्का."

"आते काय करी ऱ्हायना?"

"काम."

"मंग कर."

एकेक चाचणी चालवली, सगळ्या. मधे मोकळा वेळ होता तेव्हा रस्त्याकडे बघत बसलो. पुण्याच्या सहकाऱ्याने कोड तपासला, एक चूक काढली, ती सुधारली. शाळा सुटायच्या बऱ्याच आधी नवं व्हर्जन चालू झालं. बसगाड्या नकाशावर हलायला लागल्या. एक बस सिग्नलला थांबली, आणि तिच्यापुढे "रस्त्यात थांबली आहे" असं आलं. मी यंत्र बंद केलं.

ममता संध्याकाळी आली. फाटकातच थांबली.

"तुम्ही? आज तर तुमचं ते रिलीज होतं."

"झालं. इथेच बसून केलं."

आत गेलो. तिने हातपाय धुतले, पाणी दिलं, डबा उघडून बघितला. मी उभाच होतो.

"ममता, ती खोली मी पाडली."

"माहीत आहे."

"मला कळलं नव्हतं ती कशाची आहे."

"तेही माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर रागावता येईना."

ती खाटेच्या कडेला बसली. मी खाली फरशीवर बसलो. बाहेर कोणाच्या तरी घरच्या कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मग ती बोलली. माझ्याकडे न बघता.

"माझी बदली झाली नव्हती. मी मागून घेतली. घरात सगळे माझ्यासमोर जपून बोलायचे. आई तर कोणाच्या बारशाचं नावसुद्धा काढायच्या नाहीत. त्यांचं चांगलंच होतं मनात, मला कळायचं. आणि तुम्ही काहीच बोलायचे नाहीत. काहीच. तुम्ही वरच्या खोलीत बसून खेळायचे आणि मला वाटायचं, यांना काही झालंच नाही. मला वाटायला लागलं की मी एकटीच आहे त्या बाळाची."

मी काय म्हणालो ते मला धड आठवत नाही. तुला त्रास होईल म्हणून बोललो नाही, असं काहीतरी म्हणालो, आणि बोलता बोलताच ते ऐकून मलाच ते अपुरं वाटलं. मग म्हणालो, मला खेळताना काही आठवायचं नाही, म्हणून खेळायचो. दुसरा मार्ग माहीत नव्हता.  मी रडलो. लहानपणानंतर कोणासमोर रडलो नव्हतो. ती खाटेवरून उतरून माझ्याशेजारी फरशीवर येऊन बसली आणि तिने तिचा पदर माझ्या हातात दिला, रुमाल द्यावा तसा.

अक्का चहा घेऊन आल्या. दोघांना बघितलं, कप खाली ठेवले. "च्या पी ल्या," म्हणाल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

मग तिने मला नोव्हेंबरातला तो दिवस सांगितला. सकाळपासूनचा. मी तेव्हा तिथेच होतो, दाराबाहेर, आणि तरी त्यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आतल्या सिस्टर तिच्या मैत्रीण होत्या, त्यांनी तिचा हात कसा धरला. तिने काय विचारलं. तिला काय दाखवलं आणि काय नाही. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. मधे एकदाही मी "जाऊ दे" म्हणालो नाही. ते म्हणायची सवय आहे मला, जीभ दातांखाली धरून बसलो.

सगळं इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

१३ एप्रिल, रविवार, धुळे

दहा-बारा दिवस झाले, मी इथेच राहतो. काम कुठूनही करता येतं, हे इतके दिवस सुचलं कसं नाही? आई म्हणाली, "मीच सांगणार होते." आबांनी केळीची फणी पाठवली, अक्कांना वेगळी.

खिडकीशी टेबल टाकलं आहे, त्यावर लॅपटॉप. पुढचे तीन महिने माझा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही, असं जगदीश सरांनी ठरवलं आहे. आधी लाजल्यासारखं झालं. आता बरं वाटतं, कोणीतरी बघणारं आहे.

हँडहेल्ड ममता ड्युटीला जाताना आपल्या पर्समध्ये टाकून घेऊन जाते, दोन्ही. मी सांगितलं नव्हतं, तिनेच ठरवलं. म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत तुम्ही जेवा." संध्याकाळी आली की आधी चहा, मग कधी खेळतो, कधी नाही. परवा अक्कांना मासे धरायला शिकवलं. त्यांनी माझ्याहून मोठा मासा धरला आणि तो शिजवायचा कसा ते विचारलं.

मी ममताला म्हटलं, ती खोली परत बांधू या का. तिने विचार केला. "नको. जागा तशीच राहू दे, तिथे दुसरं काही बांधू नका." आता आमची माणसं तिथून जाताना वळसा घालून जातात.

कधी कधी ती मधेच बोलायला लागते, भाजी चिरताना, नाही तर पांझरा नदीच्या पुलावरून चालताना. मी काम करत असेन तर झाकण लावतो. दर वेळी लगेच जमत नाही. परवा मीटिंग चालू होती, हाताने थांब अशी खूण केली, आणि नंतर विचारलं तर तिचं बोलायचं गेलं होतं. आज सकाळी पुन्हा विचारलं. मग बोलली.

२७ एप्रिल, रविवार, धुळे

बाळ येण्याची म्हणून आजची तारीख डॉक्टरांनी कागदावर लिहून दिली होती, सप्टेंबरात. मला वाटायचं ती फक्त मलाच आठवते. ममताने आजची ड्युटी बदलून घेतली होती, मला न सांगता. मीही आजसाठी राहिलेलं काम काल उरकून ठेवलं होतं, तिला न सांगता.

अशा दिवशी काय करायचं असतं, कोणालाच माहीत नसतं. आईचा सकाळी फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आज दोघं बरोबर राहा." मग अखाजीच्या सणाला ममता मुक्ताईनगरला माहेरी जाणार का, ते विचारलं. शेवटी तिला राहवलं नाही, म्हणाली, "मलाही आठवण आहे रे." ममताने फोन माझ्या हातातून घेतला. दोघी खूप वेळ बोलल्या. मी बाहेर जाऊन बसलो.

ऊन कलल्यावर आम्ही एकवीरा देवीच्या देवळाकडे चालत गेलो. आत गर्दी होती, म्हणून नदीच्या बाजूला पायऱ्यांवर बसलो. पाणी फार नव्हतं. पलीकडे म्हशी बसल्या होत्या. ममता चप्पल काढून पाय लांब करून बसली. तिचे पाय दिवसभर उभं राहून सुजतात, मी ते दाबत होतो. तिने कोण बघतंय का ते बघितलं आणि मग पाय तसेच राहू दिले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्ही काही नाव ठरवलं होतं का मनात?"

"हो."

"मला सांगितलं नाही कधी."

"बारशाला सांगणार होतो. तू ठरवलं होतंस?"

"हो. पण आधी तुमचं सांगा."

मी सांगितलं. मोठ्याने ते नाव मी पहिल्यांदाच घेतलं. तिने ते स्वतःशी म्हणून बघितलं, मग पुन्हा एकदा, हाक मारल्यासारखं. मग तिचं सांगितलं, आणि मी ते म्हणून बघितलं.

दोन्ही नावं आम्हाला माहीत आहेत. इथे लिहीत नाही.